हलक्या पिकअप कॅम्परसाठी हीटर आणि सामान: किलो मोजून केलेली निवड

पिकअपच्या हौद्यावर बसणारा कॅम्पर घेतलेल्या माणसाचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "हीटर कुठला घेऊ?" माझं उत्तरही ठरलेलं आहे. आधी ड्रायव्हरकडचं दार उघडा. आतल्या खांबावर पिवळ्या पट्टीचा स्टिकर असतो, त्यावरचा आकडा मला सांगा. समोरचा जरा हिरमुसतो, कारण त्याला वेबास्टो की प्रोपेक्स, कुठल्या कंपनीचा हीटर, यावर बोलायचं असतं.

पण हलक्या कॅम्परची सगळी गोम त्या आकड्यात आहे. आम्ही अमेरिकेत, कोलोरॅडोतल्या डेन्व्हरला राहतो. टोयोटा टकोमा आहे आणि तिच्यावर पॉप-अप कॅम्पर, म्हणजे छत वर ढकललं की चारी बाजूंनी कापडी भिंती उभ्या राहतात तो प्रकार. चार हिवाळे, दोन हीटर आणि बरीच झोप खर्ची घालून जे कळलं ते क्रमाने लिहिते. तुमचा ट्रक फोर्ड एफ-१५० किंवा त्याहून मोठा असेल तर वजनाची चिंता थोडी कमी; थंडी आणि उंची मात्र तेवढीच.

एक खुलासा आधीच करते. अमेरिकेत पेट्रोलला गॅस म्हणतात आणि आपण सिलिंडरमधल्याला. या लेखात गॅस म्हणजे प्रोपेन आणि पेट्रोल म्हणजे पेट्रोलच.

पायरी १: आधी काटा, मग दुकान

स्टिकरवर लिहिलेलं असतं की माणसं आणि सामान मिळून अमुक पौंडांच्या वर जाता कामा नये. आमच्या ट्रकवर १,१५५ पौंड आहे, म्हणजे ५२४ किलो. एकाच मॉडेलच्या दोन ट्रकवर हा आकडा वेगळा असू शकतो, कारण सनरूफ, फोर व्हील ड्राइव्ह, मोठी केबिन हे सगळं त्यातून वजा झालेलं असतं. म्हणून माहितीपत्रकातला आकडा सोडा, आपल्या दारावरचाच धरा. टाकीतलं पेट्रोल त्यात आधीच जमेला आहे. पण गाडी घेतल्यावर तुम्ही हौसेने लावलेला लोखंडी बंपर किंवा विंच यांचा स्टिकरला पत्ता नसतो, ते तुम्हीच वजा करायचं.

आमचा पहिला हिशेब असा होता. कॅम्परचा सांगाडा गादीसकट २४० किलो. आम्ही दोघं, थंडीचे कपडे आणि बूट धरून, १४५. उरले १३९ किलो. त्यात बसवायचं होतं ते असं: पाणी ४० लिटर म्हणजे ४० किलो, फ्रिज आतल्या अन्नासकट ३०, बॅटरी १२, सोलर पॅनल ९, हीटर आणि त्याचं इंधन १५, शेगडी-भांडी १२, पांघरुणं आणि कपडे १८, जॅक, फावडं, बर्फाच्या साखळ्या आणि हत्यारं मिळून २०, कॅम्पर हौद्याला जखडायचे हुक आणि खालची रबरी चटई १२. बेरीज १६८. म्हणजे २९ किलो जास्त, आणि त्यात नवऱ्याचा कॅमेरा आणि शेंगदाण्याचे लाडू धरलेलेच नव्हते.

मग कात्री लावली. पाणी अर्ध्यावर आणलं, २० किलो सुटले. मागचा फाळका काढून गराजमध्ये ठेवला, आणखी १८ गेले. हत्यारांच्या पेटीतून वर्षभरात हात न लागलेली सहा किलोंची पान्हे-पकडींची गर्दी बाहेर काढली. आता १५ किलो शिल्लक राहतात, तेवढीच मोकळीक.

कागदावरचा हिशेब झाला की भरलेला ट्रक, दोघं आत बसून, खऱ्या काट्यावर न्या. इथे हमरस्त्यावरच्या ट्रक स्टॉपवर मालट्रकांचे काटे असतात, तिथे थोडक्या पैशांत पुढच्या आणि मागच्या एक्सलचं वजन वेगवेगळं छापून मिळतं. दारावरच्याच दुसऱ्या स्टिकरवर एकूण वजनाची आणि प्रत्येक एक्सलची मर्यादा लिहिलेली असते, तिच्याशी ते ताडून पाहा. एकूण वजन मर्यादेत आणि मागचा एक्सल मात्र भरून ओसंडलेला, असं हमखास दिसतं. जड वस्तू खाली आणि मागच्या चाकांच्या पुढे, केबिनच्या भिंतीला टेकून ठेवल्या तर बराच फरक पडतो.

"मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांमध्ये एक पान वाढवलं, आता काही भीती नाही," असं सांगणारे भेटतील. पाटे वाढवले किंवा स्प्रिंगला आधार देणाऱ्या हवेच्या पिशव्या (एअर बॅग) टाकल्या की ट्रकचा मागचा भाग दबलेला दिसत नाही, हे खरं. पण कंपनीने ठरवलेली मर्यादा त्याने वाढत नाही. ब्रेक तेच, एक्सल तोच.

पायरी २: हीटर खरंच लागणार आहे का?

मे ते सप्टेंबर, डोंगराच्या पायथ्याशी, वर्षातून सहा-सात रात्री, एवढंच करणार असाल तर हीटर घेऊ नका. चांगली पिसांची दुलई आणि रबराची गरम पाण्याची पिशवी पुरते. हे मी चेष्टेने म्हणत नाही. एक लिटर पाणी ८० अंशांवरून ३५ वर येईपर्यंत साधारण ५० वॉट-तास उष्णता अंथरुणात सोडतं, तेही बॅटरीतला एक अँपिअरही न घेता. आई साताऱ्याहून आली होती तेव्हा तिने एक जुनी गोधडी आणली होती, चार साड्यांची. वजनाला जड, पण खाली अंथरल्यावर गादीतून वर येणारा गारवा तिने जसा अडवला तसा नंतर घेतलेल्या फोमनेही अडवला नाही.

ऑक्टोबर ते एप्रिल आणि ८,०००-१०,००० फूट, असा बेत असेल तर पुढे वाचा.

पायरी ३: उष्णता जाते कुठून, तेवढं बुजवा

बहुतेक लोक इथेच घाई करतात आणि मोठा हीटर घेऊन मोकळे होतात. तासाभराचं गणित केलं तर पाव हीटर वाचतो.

आमच्या कॅम्परच्या कापडी भिंती मिळून सुमारे ६ चौरस मीटर आहेत. एकेरी कापडातून आतबाहेरच्या तापमानातल्या दर अंशाच्या फरकामागे चौरस मीटरला साधारण ५ वॉट निघून जातात, म्हणजे अंशाला ३० वॉट. छत, तळ, खालच्या भिंती असे टणक भाग १६ चौरस मीटर. त्यांच्यात पातळ फोम असल्यामुळे तिथे दीड वॉट धरा, म्हणजे अंशाला २४. एकूण ५४. बाहेर उणे १० आणि आत १६ अंश हवे असतील तर फरक २६ अंशांचा, आणि गळती १,४०० वॉट. फटींमधून आणि मुद्दाम उघड्या ठेवलेल्या झरोक्यातून हवा बदलते तिचे साधारण २०० वॉट. झाले १.६ किलोवॉट.

आता कापडाच्या आतून दुसरा थर लावा. कॅम्पर बनवणाऱ्या कंपन्या तयार गादीदार पडदे विकतात. मी पातळ कृत्रिम भरावाचं कापड शिवून वेल्क्रोने लावलं, वजन तीन किलोंच्या आत. कापडातून जाणारी उष्णता निम्म्यावर आली की तेच गणित १.२ किलोवॉटवर येतं. तीन किलोंच्या शिवणकामाने वाचलेले ४०० वॉट रात्रभर, दर रात्री.

चांदीसारखे चमकणारे बुडबुड्यांचे पत्रे सगळीकडे मिळतात. ते कापडाला चिकटवून लावले तर फारसा उपयोग नाही, त्यांच्यापुढे बोटभर हवेची पोकळी लागते. खिडक्यांना ठीक. हौद्याच्या तळावर सहा मिलिमीटरची ईव्हीए फोमची चटई मात्र टाकाच, पहाटे चार वाजता अनवाणी खाली उतराल तेव्हा आठवण येईल.

पायरी ४: हीटरचे प्रकार, माझ्या मतांसकट

उत्तर अमेरिकेत हीटरवर बीटीयूचे, म्हणजे उष्णतेच्या तिथल्या एककाचे, आकडे असतात. ३,४१२ बीटीयू दर तासाला म्हणजे १ किलोवॉट. आकडा आत जाणाऱ्या इंधनाचा आहे की बाहेर मिळणाऱ्या उष्णतेचा, ते विचारून घ्या.

धुराडं नसलेले पोर्टेबल गॅस हीटर. दुकानात सगळ्यात पुढे मांडलेले असतात, स्वस्त असतात, वीज लागत नाही. आमच्या पहिल्या सहलीला मित्राकडून असाच एक आणला होता. झोपताना काही मिनिटं लावला, पहाटे पुन्हा लावला. साडेपाचला नवऱ्याने मला हलवून उठवलं, "अगं, छत गळतंय." छत गळत नव्हतं. आकाश निरभ्र होतं. आतल्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर थेंबांची रांग लागली होती आणि एकेक थेंब नेमका त्याच्या कपाळावर पडत होता. एक किलो प्रोपेन जळलं की १.६ किलो पाणी वाफेच्या रूपात तयार होतं, आणि धुराडं नसेल तर ते सगळं तुमच्याच खोलीत राहतं. दोन माणसं झोपेत श्वासातून आणि अंगातून अर्धा ते एक लिटर पाणी सोडतात ते वेगळंच. शिवाय ज्वलनासाठी हा हीटर तुमच्याच वाट्याचा ऑक्सिजन घेतो. त्याच्यातला सुरक्षा सेन्सर ऑक्सिजन कमी झाला की हीटर बंद करतो. काहींच्या पुस्तिकेतच लिहिलेलं असतं की ७,००० फुटांच्या वर तो आपोआप बंद पडू शकतो. कोलोरॅडोत मग करायचं काय त्याचं? लावून झोपण्यासाठी हा प्रकार नाही. एवढं एक वाक्य मी कुणाशीही वाद न घालता, पण ठामपणे सांगते.

मोठ्या आरव्हीत, म्हणजे चाकांवरच्या घरात, असतो तो गॅसचा फर्नेस. १२,००० ते २०,००० बीटीयू, भक्कम, कुठेही दुरुस्त होतो. पण आपल्याला १.२ ते १.६ किलोवॉट हवेत, आणि हा त्याच्या तिप्पट-चौपट. तो सुरू होतो, पाच मिनिटांत भट्टी करतो, बंद होतो, गारठा परत येतो, पुन्हा पंख्याचा धडधडाट. त्याचा पंखा वीजही भरपूर खातो. कॅम्पर सेकंडहँड घेतला आणि आत हा आधीच असेल तर काढू नका. नवा बसवायचा असेल तर मी घेणार नाही.

दोन किलोवॉटचा बंदिस्त गॅस हीटर. ज्वलनाची हवा बाहेरून घेतो, धूर बाहेर सोडतो, खोलीत फक्त कोरडी गरम हवा येते. प्रोपेक्सचा एचएस२००० या गटातला नावाजलेला: १.९ किलोवॉट, चालू असताना तासाला १४२ ग्रॅम गॅस आणि १.४ अँपिअर वीज. दहा तासांच्या रात्रीत तो अर्धा वेळ चालला तर ७०० ग्रॅम लागतात, म्हणजे १० पौंडी सिलिंडरमध्ये सहा रात्री. हिरव्या एक पौंडी डब्यांवर रात्र निघत नाही, त्या वाटेला जाऊ नका.

प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वायू होत राहतं, म्हणून थंडीत चालतं. ब्युटेनचं वायू होणं शून्याच्या जरा खालीच थांबतं. भारतातल्या घरगुती सिलिंडरमध्ये ब्युटेनचा वाटा मोठा असतो, म्हणून लेहला जानेवारीत सिलिंडर अर्धा भरलेला असूनही शेगडी मिणमिणते. इथे कॅम्पिंगच्या दुकानात मिळणारी पसरट ब्युटेनची डबी हिवाळ्यात तसाच दगा देते.

डिझेल हीटर. वेबास्टो, एबरस्पेशर (इथे तो एस्पार नावाने विकला जातो), ऑटोटर्म, आणि त्यांच्या शेकडो स्वस्त नकला. डिझेलमध्ये लिटरला साधारण १० किलोवॉट-तास उष्णता असते, रात्रीला सव्वा ते दोन लिटर पुरतं, आणि डिझेल कुठल्याही पंपावर मिळतं. पण टकोमा पेट्रोलवर चालते. म्हणजे डिझेलची वेगळी टाकी, वेगळा पंप, आणि हातांना तो न जाणारा वास. पेट्रोलवर चालणारं मॉडेल घेऊन ट्रकच्याच टाकीतून नळी काढता येते; मात्र कॅम्पर उतरवायचा असेल तेव्हा प्रत्येक वेळी इंधनाची नळी सोडवा आणि जोडा. कॅम्पर कायम ट्रकवरच राहणार असेल तर हा पर्याय उत्तम, आमचा मात्र वर्षातले सात महिने गराजमध्ये असतो.

डिझेलचं खरं दुखणं उंचीचं आहे. ३,००० मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या जेमतेम तीन चतुर्थांश असते. पंप मात्र ठरलेलं इंधन टाकतच राहतो. इंधन जास्त, हवा कमी, की काजळी. ज्यांच्या घरी कधी रॉकेलचा वातीचा स्टोव्ह होता त्यांना हे समजावून सांगायला नको. चांगल्या हीटरमध्ये हवेचा दाब मोजून इंधन कमी करणारा सेन्सर असतो; घेताना तो कुठल्या उंचीपर्यंत चालतो, हे पुस्तिकेत वाचूनच घ्या.

आमचा पहिला हीटर ऑनलाइन मागवलेला स्वस्तातला होता, खोक्यावर ५ किलोवॉट लिहिलेला, सेन्सर नसलेला. गरजेपेक्षा मोठा, म्हणून सतत सगळ्यात मंद आचेवर. मंद आच आणि विरळ हवा, दोन्ही काजळीला आमंत्रण. लेडव्हिलजवळ, सुमारे ३,१०० मीटरवर, नोव्हेंबरमधली पाचवी रात्र. अडीच वाजता पंखा वेगाने फिरला, खिडकीबाहेर पांढरा धूर दिसला, हीटरच्या पडद्यावर बिघाडाचा कोड आला आणि सगळं शांत. बाहेर उणे १४. आम्ही केबिनमध्ये जाऊन इंजिन चालू करून बसलो, आधी ट्रकच्या धुराच्या नळीभोवतीचं बर्फ बाजूला करून. घरी येऊन उघडला तर ग्लो प्लगच्या, म्हणजे इंधन पेटवणाऱ्या तापत्या कांडीच्या, भोवतीची बारीक जाळी काजळाच्या डबीसारखी भरली होती. साफ केल्यावर तो पुन्हा चालला, माझा विश्वास मात्र उडाला.

स्वस्त डिझेल हीटरच घ्यायचा असेल तर २ किलोवॉटचा घ्या. ८ किलोवॉट लिहिलेल्या खोक्यात बऱ्याचदा ५ चंच यंत्र असतं, आणि आपल्याला दोन्ही नको आहेत. उंचीवर गेल्यावर पंपाचे ठोके कमी करता येतात का ते पाहा, रोज निघण्याआधी पंधरा-वीस मिनिटं पूर्ण आचेवर चालवा, आणि मधूनमधून रॉकेल टाकून चालवलं तर काजळी कमी धरते. बंद करताना बटणाने बंद करा, बॅटरीची तार ओढून नाही. आतली भट्टी गार होईपर्यंत पंखा फिरावाच लागतो.

माझा निवाडा: वर्षाला वीस-पंचवीस रात्री, पेट्रोलचा ट्रक, काढता-घालता येणारा कॅम्पर, शेगडीसाठी प्रोपेन तसंही सोबत, असं असेल तर दोन किलोवॉटचा बंदिस्त गॅस हीटर. सबंध हिवाळा रस्त्यावर काढणारे, रोज नव्या गावी, त्यांनी सेन्सरवाला चांगला डिझेल किंवा पेट्रोल हीटर घ्यावा आणि पैशांकडे पाहू नये. आणि उंचीची वजावट गॅसलाही लागते. इथे गॅसच्या उपकरणांसाठी दर १,००० फुटांना ४ टक्के कमी धरण्याचा जुना ठोकताळा आहे. १०,००० फुटांवर १.९ किलोवॉटचे कागदावर १.१४ च उरतात. म्हणून तर तिसऱ्या पायरीत शिवणकामावर इतकं बोलले.

पायरी ५: बसवताना

हे काम गॅसचं रीतसर काम करणाऱ्याकडून तपासून घ्या, बाकी घरी होतं. लक्षात ठेवायच्या गोष्टी थोड्याच, पण चुकवायच्या नाहीत.

धूर सोडणारी नळी दार, खिडकी आणि हवा घेणाऱ्या नळीपासून लांब काढा, आणि तिचं तोंड कॅम्परखालच्या पोकळीत न ठेवता बाहेरच्या कडेपर्यंत आणा. तिच्या सगळ्यात खालच्या वळणावर पाणी साचून गोठतं, तिथे निचऱ्याचं बारीक छिद्र लागतं. २००५ ते २०२३ च्या टकोमाचा हौदा पत्र्याचा नाही, फायबर घातलेल्या प्लास्टिकचा आहे. त्यातून तापलेली नळी नेताना भोवती पत्र्याची चकती आणि मोकळी जागा सोडाच. सिलिंडरचा कप्पा आतून हवाबंद आणि तळाशी बाहेर उघडणारं छिद्र, कारण प्रोपेन हवेच्या दीडपट जड, गळलं तर खालीच साचतं. गरम हवेचं तोंड पायापाशी ठेवा, वर आपोआप जाते.

डिझेलवाल्यांसाठी आणखी एक: पंप आडवा न बसवता बाहेर पडणारं तोंड वर राहील असा तिरका आणि रबरावर टांगून बसवा. नाहीतर रात्रभर डोक्याशी टक, टक, टक.

पायरी ६: वीज

हीटरला रात्रीचे १२-१५ अँपिअर-तास, फ्रिजला हिवाळ्यात दिवसाचे २०, छताच्या पंख्याला ५, दिवे, फोन, लॅपटॉप मिळून १०. पन्नास धरा. १०० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी दोन दिवस खेचते आणि ११-१२ किलोंची असते. तेवढ्याच क्षमतेची एजीएम, म्हणजे शिसे-आम्लाची बंदिस्त बॅटरी, तीसेक किलो आणि त्यातली निम्मीच वापरायची. हलक्या कॅम्परमध्ये हा वादच नाही.

फक्त एक अट. ही लिथियम बॅटरी शून्य अंशांच्या खाली चार्ज करायची नसते, आतल्या आत धातू साचून कायमची खराब होते. थंडीत चार्जिंग तोडणारी यंत्रणा तिच्यात आहे ना ते बघून घ्या आणि बॅटरी हौद्याच्या कोपऱ्यात न ठेवता आत, पलंगाखाली ठेवा.

चार्जिंगसाठी ट्रकच्या अल्टरनेटरवर २०-३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर बसवा, दोन तास गाडी चालवली की दिवसाची वीज परत. छतावरचं सोलर उन्हाळ्यात राजा. डिसेंबरमध्ये डेन्व्हरला भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून २९ अंशांच्या आतच असतो, आणि सपाट पॅनलवर चार बोटं बर्फ असेल तर शून्य. ते नऊ किलो आम्ही हिवाळ्यात घरी ठेवतो.

तारेत कंजुषी नको. डिझेल हीटर सुरू होताना ग्लो प्लग दहाएक अँपिअर ओढतो. बॅटरी चार मीटरवर आणि तार १ चौरस मिलिमीटरची असेल तर १.४ व्होल्ट वाटेतच गळतात, हीटर "बॅटरी कमी" म्हणून रुसतो आणि लोक नवी बॅटरी आणतात. इथल्या भाषेत १० गेजची तार घाला, प्रश्न मिटतो. फ्यूज बॅटरीजवळ.

पायरी ७: अलार्म आणि झरोका

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपता त्या उंचीवर, प्रोपेनचा अलार्म जमिनीलगत. दोन वेगळे वायू, दोन वेगळ्या जागा. अमेरिकेतल्या घरगुती अलार्मच्या यूएल २०३४ या मानकाप्रमाणे ७० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत ७० भाग) तो एक ते चार तासांच्या आत वाजायचा असतो, ४०० पीपीएमला ४ ते १५ मिनिटांत. म्हणजे ३०-४० पीपीएमवर तो गप्प राहू शकतो आणि तुम्ही डोकेदुखीला उंचीचा त्रास समजून क्रोसिन घेता. म्हणून आकडा दाखवणारा एक छोटा मीटर मी वेगळा ठेवते. अलार्मच्या मागे मुदत छापलेली असते, सेकंडहँड कॅम्परमध्ये ती आधी बघा. अग्निशामक दाराशेजारी, आत झोपून हात पोचेल असा.

छताचा पंखा सगळ्यात कमी वेगावर आणि समोरची खिडकी बोटभर उघडी, उणे दहालाही. त्या २०० वॉटांत सकाळी कोरडं अंथरूण मिळतं. गादीखाली हवा खेळेल अशी जाळीदार चटई घाला, आम्ही पहिल्या वर्षी घातली नाही आणि मार्चमध्ये गादी उलटली तर खाली काळे ठिपके.

पायरी ८: बाकीचं सामान

पाण्याला पंप, नळ, पक्की टाकी यांच्या नादी लागू नका. नळ्यांत पाणी गोठतं आणि जोड फुटतात. दहा-दहा लिटरचे दोन कॅन, रात्री आत. पूर्ण भरू नका, गोठताना पाणी फुगतं.

शेगडी दोन बर्नरची, प्रोपेनची. इंडक्शनचा मोह होतो, पण १,८०० वॉट ओढणाऱ्या यंत्रापुढे शंभरची बॅटरी पाऊण तासही टिकत नाही.

आणि आता ज्याच्या दोन किलोंबद्दल मी कुणाचंही ऐकून घेत नाही ती वस्तू: दोन लिटरचा प्रेशर कुकर. ३,००० मीटरवर पाणी ९० अंशांच्या आसपासच उकळतं. उघड्या भांड्यात तूरडाळ तासभर रटरटते आणि तरी दाताखाली कचकच लागते. कुकरमध्ये मुगाच्या डाळीची खिचडी तीन शिट्ट्यांत, गॅसही थोडा. मात्र शिट्टीची वाफ कापडी भिंतीवर जाऊन बसते, म्हणून शेगडी मागच्या दाराबाहेर, उतरत्या फळीवर. एकदा शेजारच्या तंबूतली माणसं पहिल्या शिट्टीला दचकून बाहेर आली होती. तिसऱ्या शिट्टीला ताटल्या घेऊन आली.

फ्रिज कॉम्प्रेसरचा, ३५-४० लिटर पुरे. शौचाला घट्ट झाकणाचं हलकं पोर्टेबल भांडं. खुर्च्या दोनच.

पायरी ९: पहिली रात्र अंगणात

सगळं बसवल्यावर लगेच डोंगरात जाऊ नका. हवामान बघून उणे पाचच्याही खाली जाणारी एखादी रात्र निवडा आणि घरासमोर, ड्राइव्हवेवर, कॅम्परमध्ये झोपा. झोपताना सिलिंडर वजनकाट्यावर ठेवून आकडा लिहा, बॅटरीचा टक्का लिहा. सकाळी दोन्ही पुन्हा लिहा. आतल्या भिंतींवरून हात फिरवा, ओल कुठे आहे ते कळतं. आमच्याकडे ती छताच्या मागच्या कोपऱ्यात होती, जिथे माझा शिवलेला पडदा चार बोटं अपुरा पडला होता. दुसऱ्या रात्री पडद्याला पट्टी जोडून पुन्हा झोपलो. पहिल्या रात्री ८१० ग्रॅम गॅस गेला होता, दुसऱ्या रात्री ६९०. शेजारच्या आजोबांनी सकाळी कुत्रा फिरवताना काच वाजवून विचारलं, घरात सगळं ठीक आहे ना?